लहानपणी दुपारी काय करायचात?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक तक्रार अशी येते, जिला केसपेपरवर लिहायला नीट शब्द नाही. ‘तसं काही दुखत नाही डॉक्टर, पण बरंही वाटत नाही.’ सांगणारी व्यक्ती बहुधा पन्नाशी-साठीची असते. नोकरी संपून सहा-आठ महिने झालेले असतात, किंवा मुलं शिकून दुसऱ्या शहरात गेलेली असतात. प्लास्टिकच्या पिशवीत तपासण्यांचे कागद असतात. साखर, थायरॉईड, कार्डिओग्राम, सगळं जवळपास ठीक. दिवस कसा जातो, असं विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं, ‘जातो.’

तपासणी झाली की अशा रुग्णांना मी एक प्रश्न विचारते. शाळेत असताना, सुट्टीच्या दुपारी घरातली मोठी माणसं झोपली की तुम्ही काय करायचात? काही जण हसतात. काही जण सोबत आलेल्या मुलाकडे बघतात, या डॉक्टरीणबाईंना झालंय काय, अशा नजरेनं. पण उत्तरं येतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात. कुणी शिंप्याच्या दुकानातून चिंध्या गोळा करून बाहुल्या करायची. कुणी बंद पडलेलं घड्याळ उघडून बसायचा. कुणी देवळाच्या पायरीवर बसून पखवाज ऐकायचा आणि घरी येऊन पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा. सांगताना माणसाचा आवाज बदलतो, हात हलायला लागतात. ‘जातो’ म्हणणारा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि बाहेरच्या रांगेतून ओरडा सुरू होतो.

याचा वैद्यकाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास सात हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जगण्याला काही उद्देश आहे, असं ज्यांना सर्वात कमी वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका उद्देश ठाम असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसला. त्याआधी, 2008 मध्ये, जपानच्या ओसाकी भागातल्या 43 हजारांहून अधिक लोकांचा सात वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला होता. तिथे प्रश्न अगदी साधा होता, ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ इकिगाई म्हणजे जगावंसं वाटण्याचं कारण. ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी. शिकागोतल्या एका दीर्घ अभ्यासात वृद्धांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले गेले. अल्झायमरच्या खुणा तेवढ्याच असूनही, जगण्यात उद्देश असलेल्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हयातीत अधिक टिकून होती.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. आजारी माणसाची उमेद आधीच खचलेली असते, त्यामुळे कशामुळे काय झालं हे अशा अभ्यासांतून पुरतं सिद्ध होत नाही. संशोधकांनी आजार, पैसा, शिक्षण यांचा हिशेब धरूनही फरक उरतो, एवढं म्हणता येतं. छंद जोपासा आणि रक्तदाबाची गोळी बंद करा, असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून दूर राहा.

आता उद्देश सापडायचा कुठे? हल्ली पुस्तकांच्या दुकानात आणि मोबाईलवर याचं एक तयार उत्तर मिळतं. तुमचं खरं वेड लहानपणीच तुमच्यात दडलेलं आहे, ते शोधा आणि त्यातच करिअर करा. ऐकायला छान आहे. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानं माणसं उगीच खट्टू होतात.

सलीम अलींचं उदाहरण घेऊ. ‘वेड शोधा’ म्हणणारे ते नेहमी देतात, पण पूर्ण सांगत नाहीत. जन्म 1896 चा, मुंबईतला. आईवडील लवकर गेले, मुलगा मामाकडे खेतवाडीत वाढला. दहाएक वर्षांचा असताना त्यानं एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न घेऊन मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याला उघडून दाखवला. गोष्ट बहुधा इथे संपवतात.

खरं तर त्या मुलाचं वेड शिकारीचं होतं. पुढे डोकेदुखीनं तो इतका हैराण झाला की शाळा वारंवार बुडाली. कोरड्या हवेसाठी त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं, आणि 1913 मध्ये मॅट्रिक कसंबसं पार पडलं. मग ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेला. तो बुडाला. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा काढून बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेला, आणि 1930 मध्ये परत येऊन पाहतो तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. वय 34, नोकरी नाही. अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेल्यावर सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांची वसाहत निरखायला घेतली. नर अर्धवट घरटं विणतो, मादीनं ते पसंत केलं की पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बारकाईनं टिपलं. त्या निरीक्षणानं त्यांचं नाव झालं. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं 1941 मध्ये, म्हणजे चिमणी पाडल्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका लहान मुलाच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसानं वेळ दिला. मिलार्ड यांनी ‘बंदूक ठेव आणि अभ्यास कर’ म्हणून त्याला परत पाठवलं असतं, तर कदाचित तो उत्तम शिकारी झाला असता. वेडाला वळण लागायला माणूस, जागा आणि बरीच वर्षं लागली. 2018 मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून हेच वेगळ्या रीतीनं दाखवलं. आवड ही आधीच ठरलेली आणि फक्त ‘सापडायची’ वस्तू आहे, असं मानणारे विद्यार्थी विषय अवघड झाला की लवकर सोडून देत. आवड वाढवावी लागते असं मानणारे त्या मानानं टिकून राहत.

उलट उदाहरण आमच्या पेशातलं. रोनाल्ड रॉस यांचा जन्म 1857 मध्ये अल्मोड्याचा. त्यांना लेखक व्हायचं होतं, वडिलांनी वैद्यकीय शिक्षणाला घातलं. डॉक्टरकीत त्यांचं मन बरीच वर्षं रमलं नाही. हिवतापाचं कोडं हातात आलं ते तिशी उलटून गेल्यावर. 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचा जंतू दिसला आणि 1902 मध्ये नोबेल मिळालं. लहानपणी डासांचं वेड कुणाला असतं? पण कविता त्यांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, कादंबऱ्याही लिहिल्या. पोटाचं काम एक आणि जिवाचं दुसरं, अशी दोन्ही एकाच आयुष्यात मावतात.

म्हणून रुग्णांशी बोलताना मी ‘कशाची आवड होती’ यापेक्षा ‘काय करायचात’ हे विचारते. नामापेक्षा क्रियापद धरून ठेवा. घड्याळ उघडणाऱ्याला घड्याळं आवडत होती की एखादी गोष्ट चालते कशी, हे बघणं? बाहुल्या करणारीला बाहुल्या हव्या होत्या की टाकाऊतून काही उभं करणं? की त्या बाहुल्या मैत्रिणींना वाटणं? साठीत कुणी बाहुल्या करायला बसणार नाही, पण गोधडी शिवता येते, वस्तीतल्या मुलींना शिवण शिकवता येतं. स्वतःला आठवत नसेल तर भावंडांना विचारा. थोरल्या बहिणीला आपल्याबद्दल जे आठवतं, ते आपल्याला आठवत नाही.

आणि एकदा सूर सापडला की लगेच त्याचा धंदा करू नका. 1973 मधला एक प्रयोग आम्हाला आजही उपयोगी पडतो. स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते त्यांना मिळालंही. आठवडा-दोन आठवड्यांनी कागद-रंग पुन्हा मोकळे ठेवले, तेव्हा ही मुलं त्यांच्याकडे बरीच कमी वळली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं, ती पूर्वीसारखीच रमली. आपल्याकडे पोरानं दोन रेघा मारल्या की क्लास, परीक्षा, प्रमाणपत्र, मग त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर. साठीचे आजोबाही यातून सुटत नाहीत. गाणं सुरू केलं की तिसऱ्या आठवड्यात घरचे विचारतात, ‘चॅनल का काढत नाही?’

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो माझ्या ओपीडीतल्या बाकांवरच बसलेला असतो. ज्यांना मोकळी दुपार मिळालीच नाही, त्यांनी काय आठवायचं? ऊसतोडीला आईबापांबरोबर फिरलेली बाई म्हणते, ‘आमचं कसलं लहानपण, धाकटी भावंडं सांभाळली.’ बरोबर आहे. छंद ही सवड असलेल्यांची चैन, हे पुष्कळ अंशी खरंच आहे, आणि ‘तुमचं वेड शोधा’ म्हणणारी पुस्तकं तिच्यासाठी लिहिलेली नाहीत. पण थोडं पुढे विचारलं तर कामातूनच काही निघतं. कुणी सांगते, जात्यावर आजीबरोबर ओव्या म्हणायची. कुणाला कुठल्या बांधावर कुठली भाजी उगवते हे गावात सगळ्यांच्या आधी कळायचं. यांना तो छंद होता हे कुणी सांगितलेलं नसतं. काहींच्या आठवणीत मात्र फक्त कष्ट असतात, आणि तिथे हा प्रश्न खणत बसू नये. आज कोणत्या कामात वेळेचं भान राहत नाही, एवढं विचारलं तरी पुरतं. सुरुवात पन्नाशीतही होते, रॉस यांची तिशीनंतर झालीच की.

डॉक्टर म्हणून सर्वात महत्त्वाचं आता सांगते. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत रस वाटेनासा होणं हे नैराश्याच्या आजाराचं मुख्य लक्षण आहे. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस कशातच रस वाटला नाही, किंवा मन उदास, निराश राहिलं, असं असेल तर आधी त्याची तपासणी आणि उपचार व्हायला हवेत. अशा माणसाला ‘छंद लावून घे’ म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायावर चालायला सांगणं. रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, थायरॉईडचं काम मंदावणं यांनीही उमेद जाते, आणि हे तिन्ही साध्या रक्ततपासणीत कळतं. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा.

याच्या उलट बाजूला अगदी क्षुल्लक कारणं असतात. भरतकाम ‘मन लागत नाही’ म्हणून सोडलं असं सांगणाऱ्या बाईला अनेकदा सुईत दोरा ओवता येत नसतो, इतकंच. चाळिशी लागलेली असते, नाहीतर मोतीबिंदू असतो. भजनाला जाणं बंद केलेल्या काकांना पेटीचा सूर ऐकू येत नसतो, आणि कानात कधी फक्त मळ साठलेला असतो. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल आणि विणकाम जमत नसेल, तर मनगटापाशी नस दबली असण्याची शक्यता असते. मधुमेह आणि थायरॉईडच्या रुग्णांत हे अधिक आढळतं, आणि त्यावर उपचार आहेत. हात कापतो म्हणून चित्रकला सोडली असेल तर तो कंप कसला, हे तपासून घ्यावं. प्रत्येक कंप पार्किन्सनचा नसतो.

एक छोटी सूचना. चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा ‘वाचायला दिसत नाही’ एवढंच सांगून थांबू नका. जवळचा चष्मा साधारण हातात धरलेल्या वर्तमानपत्राच्या अंतरासाठी काढतात. पेटीवर ठेवलेली वही त्याहून लांब असते आणि सुईचं नाक जवळ. तुम्ही काय करायला बसणार आहात, ते किती अंतरावर असतं, हे हातानं दाखवून सांगा. जमलं तर ती वही, सुई किंवा घड्याळ पिशवीत टाकून सोबतच न्या.