एकच मूकपट पुन्हा विकत घ्यावा काय?

आमच्या चित्रपट मंडळाचे सारे वैभव एका लोखंडी कपाटात मावते. त्यात सत्तर-एक तबकड्या आहेत आणि त्यांपैकी एक फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाची आहे. यंदा शिलकीतून एखादीच परदेशी तबकडी मागवता येईल, असे दिसले तेव्हा ‘मेट्रोपोलिस’चीच दुरुस्त केलेली नवी आवृत्ती घ्यावी, असे मी सुचवले. आमचा खजिनदार हिशेबाला पक्का. तो म्हणाला, “अरे, घरात आहे तीच वस्तू पुन्हा कशाला? १९२७ सालचा चित्रपट. तो आता काय बदलणार?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना मला माझीच एक चूक सापडली. म्हणूनच हा लेख.

प्रथम वर्षात असताना मी याच जुन्या तबकडीवरून एक निबंध लिहिला होता. चित्रपटात रॉटवांग नावाचा शास्त्रज्ञ आहे. तो यंत्रमानव घडवतो आणि साऱ्या नगरीचा सर्वनाश ओढवू पाहतो. त्याच्या या वेडाला काही कारणच दाखवलेले नाही, हा पटकथेचा आणि दिग्दर्शकाचा ढळढळीत दोष आहे, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने ठोकून दिले. सरांनी गुणही बरे दिले. पुढे कळले की, कारण होते. ते कापून टाकलेले होते.

हकीगत अशी. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’ प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी ४१८९ मीटर होती. अमेरिकेत वितरकांनी तो बराच छाटला. जर्मनीतही त्याच वर्षी जवळजवळ चौथा हिस्सा कापून तो पुन्हा पडद्यावर आला. छाटलेल्या भागात हेल नावाच्या स्त्रीची कथा होती. रॉटवांगचे तिच्यावर प्रेम होते. तिने लग्न केले नगरीच्या स्वामीशी आणि मुलाला जन्म देताना ती वारली. रॉटवांग यंत्रमानव घडवतो तो तिला परत मिळवण्यासाठी. पण तिचे नाव ‘नरक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखे ऐकू येते, म्हणून अमेरिकन प्रतीतून तिची उचलबांगडी झाली. मी लांग यांच्या माथी मारलेला दोष वस्तुतः कात्रीचा होता.

पुढे अनेक दशके ठिकठिकाणचे तुकडे जुळवण्याचे काम चालू राहिले. २००१ साली उपलब्ध उत्तमोत्तम प्रतींवरून एक देखणी आवृत्ती तयार झाली. जे दृश्य हरवले होते, तेथे मजकुराच्या पाट्या घातल्या गेल्या. मग २००८ साली अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात, १६ मिलिमीटरची एक निगेटिव्ह ओळखली गेली. काटछाट होण्यापूर्वी तिकडे गेलेल्या पूर्ण प्रतीवरून ती उतरवलेली होती. तीतून सुमारे २५ मिनिटांचा भाग मिळाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनच्या महोत्सवात हा चित्रपट जवळजवळ पूर्ण स्वरूपात दाखवला गेला. मूळ संगीतकार गोटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या स्वरलेखनावर दृश्यांच्या खुणा लिहिलेल्या होत्या; त्यांवरून दृश्यांचा क्रम लावता आला. सापडलेला भाग ओरखड्यांनी भरलेला आहे, त्याची चौकटही कडेला कापली गेली आहे. पण हेलचे स्मारक त्यात आहे आणि तिच्यावरून दोन म्हाताऱ्यांत पेटलेले वैरही आहे.

येथे ‘दुरुस्ती’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावयास हवेत. एक म्हणजे हरवलेले परत आणणे. दुसरा म्हणजे आहे ते स्वच्छ करणे. तबकडीच्या वेष्टनावर दोहोंसाठी एकच शब्द छापलेला असतो. पहिल्यात कथा बदलते, दुसऱ्यात डोळ्यांना सुख होते. दुसरा प्रकार कमी मोलाचा, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या तुटपुंज्या पैशांत हा भेद जाणणे अगत्याचे आहे.

मधला असाही एक प्रकार आहे. मुर्नाव यांच्या ‘नोस्फेरातु’ (१९२२) या चित्रपटातील रात्रीची दृश्ये भर दिवसा चित्रित केली होती. फीत निळ्या रंगात बुडवली की प्रेक्षकाने रात्र समजायची, असा तेव्हाचा रिवाज. पुढे काळ्या-पांढऱ्या प्रती निघाल्या, त्यांत तो रंग गेला. मग सूर्यप्रकाशाने मरणारा पिशाच्च लख्ख उन्हात हिंडताना दिसू लागला आणि प्रेक्षक हसू लागले! येथे नवे दृश्य एकही न मिळता केवळ रंग परत आल्याने अर्थ परत येतो.

तिसरी बाब वेगाची. मूकपटांच्या काळी सेकंदाला किती चौकटी धावाव्यात, याचा एकच नियम नव्हता. बोलपटाबरोबर २४ हा आकडा ठरला. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. त्या हिशेबाने ४१८९ मीटरची फीत २४ च्या वेगाने सुमारे १५३ मिनिटे चालते आणि २० च्या वेगाने सुमारे १८३. एकही दृश्य न वाढवता अर्धा तास वाढला! तेव्हा वेष्टनावरची मिनिटे पाहून ‘ही आवृत्ती अधिक पूर्ण’ असा निष्कर्ष काढू नये. आणि जुन्या चित्रपटांतली माणसे तुरुतुरु पळतात, ती बहुधा त्यांचा वेग आपण चुकवल्यामुळे, हेही ध्यानात ठेवावे.

मग नवी आवृत्ती आली की जुनी टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ घ्या. १९२५ चा मूकपट त्याने स्वतःच १९४२ साली पुन्हा कापला, पाट्या काढल्या आणि आपल्या आवाजात निवेदन घातले. कर्त्याची शेवटची इच्छा खरी की पहिली कृती खरी? दोन्ही जवळ असल्याखेरीज हा वाद घालताच येणार नाही. ‘मेट्रोपोलिस’ची छाटलेली प्रतही अशीच साक्षीदार आहे. कित्येक वर्षे जगाने, समीक्षकांनी आणि माझ्यासारख्या अतिशहाण्याने तीच पाहून मते बनवली.

खजिनदारापुढे मी शेवटी चार प्रश्न मांडले. नव्या आवृत्तीत पूर्वी नव्हती अशी दृश्ये आहेत काय? ती कोणत्या प्रतीवरून उतरवली, मूळ निगेटिव्हवरून की प्रतीच्या प्रतीवरून? रंग, वेग, पाट्या आणि संगीत ठरवताना कशाचा आधार घेतला, हे सांगितले आहे काय? आणि ती आपल्या यंत्रावर चालेल काय? हा शेवटचा प्रश्न क्षुद्र वाटेल. पण ब्लू-रे तबकड्यांचे जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. युरोप ‘बी’ विभागात, आपण ‘सी’ विभागात. विभागाचे कुलूप असलेली तबकडी मागवली तर पैसे जायचे आणि पडदा काळाच राहायचा. चारही उत्तरे समाधानकारक असतील तर घ्यावी. केवळ वेष्टन नवे असेल तर हात आवरता घ्यावा.

‘मेट्रोपोलिस’च्या २०१० च्या आवृत्तीबाबत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ठीक आली. चौथ्यासाठी विभागाचे बंधन नसलेली प्रत शोधावी लागली. खजिनदाराने कुरकुरत सही केली. पण जाता जाता तो म्हणाला, “आणि आपल्या फाळक्यांचे काय? त्यांची नवी आवृत्ती कधी घ्यायची?”

मी गप्प झालो. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज पाहावयास मिळतात. तीही १९१७ च्या दुसऱ्या चित्रीकरणाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या काळची नायट्रेटची फीत अतिशय ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा कितीतरी जुन्या फिती जळून गेल्या. आपल्या बहुतेक मूकपटांबाबत पुन्हा विकत घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न उरतच नाही.

अर्थात ब्युनॉस आयर्समधली ती निगेटिव्हही २००८ पर्यंत ओळखली गेली नव्हती. कोठल्या माळ्यावर, कोठल्या बंद पडलेल्या चित्रगृहाच्या अडगळीत एखादा गंजका डबा नसेलच, असे कोणी सांगावे? असा डबा दिसला तर तो भंगारात घालण्यापूर्वी जाणत्याला दाखवावा, एवढी माझी विनंती. उघडण्याची मात्र घाई करू नये.

माझा तो निबंध मी जपून ठेवला आहे. नव्या तबकडीशेजारी, त्याच कपाटात.