लट्टलूर आणि दंतिदुर्गाचे कुल

बदामीच्या चालुक्यांची सत्ता आठव्या शतकाच्या मध्यास उलथविणारा राष्ट्रकूट दंतिदुर्ग हा मुळात त्यांच्याच एका मांडलिक घराण्यातील तरुण होता. त्याचे कुल मूळचे कोठले, हा प्रश्न लातूरच्या इतिहासाशी थेट निगडित आहे.

पूर्वजांची नावे सहज उपलब्ध होतात. वेरूळच्या दशावतार लेण्यातील लेखात दंतिवर्मा, इंद्र, गोविंद, कर्क, पुन्हा इंद्र आणि दंतिदुर्ग अशी परंपरा दिली आहे. सामनगडच्या ताम्रपटात (शके ६७५) त्याची माता चालुक्यकुलातील असल्याचे म्हटले असून, संजाणच्या ताम्रपटात (शके ७९३) तिचे भवनागा हे नावही येते. तथापि नावांच्या मालिकेवरून मूळस्थान कळत नाही.

त्याचा धागा एका बिरुदात आहे. पहिल्या अमोघवर्षाच्या शिरूर येथील लेखात (इ. स. ८६६) 'लट्टलूरपुराचा स्वामी' या अर्थाचे बिरुद आढळते, सौंदत्तीच्या रट्टांनीही ते पुढे चालविले. फ्लीट यांनी लट्टलूर म्हणजे प्रथम रतनपूर मानले. नंतर ते लातूर असल्याचे प्रतिपादन केले. डॉ. अ. स. आळतेकर यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात हेच मत स्वीकारले.

अशी बिरुदे प्रत्यक्ष राज्य नव्हे, तर कुलाची स्मृती दर्शवितात. शिलाहार कोकणात व कोल्हापुरास राज्य करीत असूनही स्वतःस तगरपुराचे, म्हणजे तेरचे, अधीश्वर म्हणवीत. यादवांनी तर द्वारावतीचे नाव घेतले. तेथे पुराणवैभवाचा मोह स्पष्ट दिसतो. लट्टलूरास असे वैभव नव्हते. जे नाव सांगून प्रतिष्ठा वाढत नाही, ते रचले जाण्याचा संभव कमी. म्हणून या स्मृतीचे मोल अधिक.

ध्वनिविचार मात्र सावधगिरीची सूचना देतो. पट्टाचा 'पाट', भट्टाचा 'भाट', या नियमाने लट्टलूराचे 'लाटलूर' व्हावयास हवे. दोन लकारांपैकी एकाचा लोप समजू शकतो. परंतु मूर्धन्य टकाराच्या जागी दंत्य तकार येणे नियमास धरून नाही. अंत्य 'ऊर' हा गाव या अर्थाचा द्राविडी शब्द असून तो कन्नड संपर्काची साक्ष देतो. तात्पर्य, लातूर हे समीकरण संभाव्य आहे. पण ध्वनिसाम्य हा त्याचा एकमेव आधार होऊ शकत नाही.

याउलट दहाव्या शतकातील देवळी व कऱ्हाड येथील ताम्रपटांत यदुवंश आणि रट्ट नावाचा मूळपुरुष अवतरतो. राज्य वाढले तशी वंशावळही वर सरकली. दंतिदुर्गाच्या जवळचे लेख केवळ काही पिढ्या सांगतात. दोन शतकांनंतरचे लेख थेट पुराणापर्यंत पोहोचतात. वंशशोधकाने म्हणूनच लेखात काय लिहिले आहे याबरोबर ते केव्हा लिहिले गेले, हेही पाहिले पाहिजे.