वजन उतरले, दाब का चढला?

माझी थोरली बहीण, अक्का, गेली बारा वर्षे रक्तदाबाची गोळी घेते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या औषधांच्या डब्यात एक नवी बाटली दिसली. ‘जडीबुटीचं आहे रे, अपाय काही नाही,’ असे ती म्हणाली. दीड महिन्यात तिचे पाच किलो उतरले. पण एरवी १३० च्या घरात असणारा वरचा दाब १६८ वर गेला. मी डॉक्टर नाही. वजन घटले की दाबही घटतो, एवढे मात्र वाचून ठाऊक होते. मग इथे उलटे कसे झाले? त्या प्रश्नापायी केलेल्या वाचनाचा हा गोषवारा.

वाचलेले खोटे नव्हते. एक किलो वजन उतरले की दाब सरासरी एक मिलिमीटरने उतरतो, असा ठोकताळा आहे. पण वजन कशाने उतरले, यावर पुढचे सारे अवलंबून असते. संकट समोर उभे राहिले की आपली भूक मरते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात. या तिन्हींमागे नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन असते. भूक मारणारी जुनी औषधे याच रसायनाचा जोर वाढवत. म्हणजे भूक मारणे आणि दाब वाढवणे ही दोन कामे एकाच चावीने होत. फेंटरमिन हे औषध त्याच कुळातले; हृदयविकार किंवा काबूत नसलेला रक्तदाब असलेल्यांना ते वर्ज्य मानले जाते.

याच वाटेवरचे सिबुट्रामिन १९९७ साली अमेरिकेत संमत झाले. त्याने दाब सरासरी एक ते तीन मिलिमीटर आणि नाडी चार-पाच ठोक्यांनी वाढते, हे तेव्हाच ठाऊक होते. काहींमध्ये ही वाढ बरीच जास्त असे. वजन उतरल्याचा फायदा या तोट्याला पुरून उरेल, अशी अपेक्षा होती. ती ‘स्काउट’ या चाचणीत पारखली गेली. हृदयविकार, मधुमेह किंवा दोन्ही असलेल्या, पंचावन्न वर्षांवरील ९,८०४ जणांचा सरासरी ३.४ वर्षे मागोवा घेतला गेला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयक्रिया बंद पडणे किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १०.० टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के निघाले. एकूण मृत्यू वाढले नाहीत, पण झटके आणि पक्षाघात वाढले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातून हे औषध हद्दपार झाले.

हद्दपार झाले ते दुकानाच्या फळीवरून. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या भुकट्यांत आणि कॅप्सूलमध्ये चोरून मिसळलेले सिबुट्रामिन अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्यानंतरही वारंवार सापडले आहे. वेष्टनावर नाव नाही, मात्रा नाही. मग डॉक्टर तरी काय ओळखणार? अक्काच्या बाटलीत काय होते, ते आम्हाला कधीच कळले नाही. ती बंद केल्यावर दाब हळूहळू उतरला, इतकेच सांगता येते.

आता चर्चा आहे ती सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांची. त्यांची चावी वेगळी. आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करून ती पोट भरल्याची जाणीव देतात. त्यांनी दाब सहसा काही मिलिमीटर उतरतो, नाडी मात्र किंचित वाढते. २०२३ च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल व्यक्ती होत्या. हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण ८.० वरून ६.५ टक्क्यांवर आले.

म्हणून ती निर्धोक ठरत नाहीत. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले, त्यात लघवी वाढवणारी दाबाची गोळी चालू असली, तर चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. वजन उतरत गेले की जुनी मात्रा जड होऊ शकते. ती कमी करायची ती डॉक्टरांनी. आपण मनाने नव्हे.

अक्काने आता दाब मोजायचे यंत्र घेतले आहे. रोज सकाळी ती वहीत आकडे मांडते. वजनाच्या आकड्याशेजारी दाबाचा आणि नाडीचा आकडा असला, तरच त्या उतरलेल्या किलोंचा खरा हिशेब लागतो.