पाठीवर वारा, पुढ्यात खळगा

सर्फस्की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कारागिराने होडी अर्धी करून सोडून दिली. लांबी साडेसहा मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम ४३ ते ४५ सेंटिमीटर, आणि आत शिरायला जागाच नाही. वरून सगळी बंद. मधोमध बूड टेकण्यापुरता खोलगट भाग, त्यापुढे टाचा टेकवायला जागा, शेवटी पावलांवरून घ्यायचा पट्टा आणि सुकाणू फिरवणारी दोन पेडलं. कार्बन फायबरची असेल तर वजन दहा-बारा किलो. आमच्या मोंढ्यात सोयाबीनचं एक पोतं पाठीवर घेणारा हमाल वजनाच्या हिशेबाने अशा चार-पाच होड्या सहज उचलेल. एवढी ही काटकुळी वस्तू, आणि ती बनवली आहे खवळलेल्या समुद्रातल्या शर्यतींसाठी.

साध्या कयाकची सगळी धडपड पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते. कयाकमध्ये माणूस कमरेपर्यंत आत बसतो, भोवती रबरी घेर ताणून तोंड बंद करतो. होडी उलटली तर वल्ह्याच्या एका झटक्याने तिला सुलटी करता आली पाहिजे. ते जमलं नाही आणि बाहेर पडावं लागलं, तर कयाक पाण्याने भरते आणि ऐन समुद्रात ती उपसत बसणं म्हणजे दिव्यच. सर्फस्कीने हा वादच मिटवला. होडीचं पोट हवाबंद, लाट वरून गेली तर गेली. पाणी साचतं ते फक्त बसायच्या जागेत आणि पायांशी. तिथे तळाला बेलर नावाची एक छोटी फट असते. होडी ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढे गेली की फटीखालून वेगाने जाणाऱ्या पाण्याचा दाब उतरतो आणि साचलेलं पाणी खाली ओढलं जातं. पंप नाही, तांब्या नाही. अट एकच, वल्हवत राहायचं. थांबलात की त्याच फटीतून पाणी वर येतं आणि तुम्ही थंड पाण्यात बसलेले असता.

पडणं मात्र ठरलेलं. एवढ्या अरुंद होडीवरून कसलेला माणूसही पडतो, म्हणून शिकवणारे लोक वल्हं कसं मारायचं याच्या आधी परत कसं चढायचं ते घोटून घेतात. होडीच्या बाजूला यायचं, वल्ह्यासकट एक हात जवळच्या काठावर, दुसरा हात बैठकीच्या पलीकडच्या काठावर. पाय मागे झाडत शरीर आडवं तरंगू द्यायचं आणि एका दमात छाती होडीवर आडवी टाकायची. मग कंबर वळवून बूड बैठकीत. पाय लगेच आत घ्यायचे नाहीत. दोन्ही बाजूंना पाण्यात सोडायचे, तोल सापडला की एकेक करून उचलायचे. सांगायला दहा सेकंदांचं काम, पण दमलेला माणूस तिसऱ्यांदा पडला की हेच काम डोंगराएवढं होतं. शिवाय पायाला होडीशी बांधणारी दोरी हवीच. रिकामी होडी वाऱ्यावर जी सुटते ती पट्टीच्या पोहणाऱ्यालाही गाठता येत नाही.

या होडीचं मूळ ऑस्ट्रेलियात सापडतं. न्यू साउथ वेल्समधल्या पोर्ट मॅक्वायरीजवळ १९१२ च्या सुमारास हॅरी मॅक्लारेन आणि त्याचा भाऊ जॅक यांनी अशा प्रकारची लाकडी फळी वापरली होती. १९३३ मध्ये सिडनीच्या मॅनली भागातल्या क्रॅकनथॉर्प यांनी तिचं पेटंट घेतलं. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी ती उचलली, कारण फुटणाऱ्या लाटा ओलांडून बुडत्या माणसापर्यंत तिच्यावरून चटकन पोचता यायचं. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या जीवरक्षकांनी तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवलं. तिथे पोर्ट एलिझाबेथ ते ईस्ट लंडन ही सुमारे २४० किलोमीटरची, अनेक दिवस चालणारी शर्यत १९७२ पासून आहे. त्याच देशाच्या ऑस्कर चालुपस्कीने हवाई बेटांमधली मोलोकाई ते ओआहू ही खुल्या समुद्रातली शर्यत १९८३ ते २०१२ या काळात बारा वेळा जिंकली. बाराव्यांदा जिंकला तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. शंभर मीटर धावण्यात असलं काही घडत नाही. मग इथे कसं घडतं?

उत्तर लाटांच्या हिशेबात आहे. सपाट पाण्यावर अव्वल वल्हेकरी लांब अंतरात ताशी तेरा-चौदा किलोमीटरचा वेग धरतो. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग ती किती सेकंदांनी येते त्यावर ठरतो: तीन सेकंदांची लाट ताशी सुमारे १७ किलोमीटरने जाते, चार सेकंदांची २२ ने, आणि दुरून आलेली दहा सेकंदांची लांब लाट ५६ ने. शेवटची तर कुणालाच गाठता येणार नाही. पण वाऱ्याने जागेवर उठवलेल्या तीन-चार सेकंदांच्या लाटांवर, उतार मिळाला की होडी चढते आणि घसरत सुटते. म्हणून या शर्यतीत सगळ्यात मोलाचं काय, तर होडीच्या नाकापुढे खळगा कधी तयार होतो ते ओळखणं. लाटेने मागचं टोक उचललं आणि नाक खळग्याकडे झुकलं, की चार-सहा जोरकस वल्ही. होडी सुटली की हात ढिले. पुढच्या लाटेच्या पाठीवर डोकं आपटत चढायला जायचं नाही. तिरकं वळून शेजारच्या खळग्यात शिरायचं, तिथून पुढच्या. नवखा माणूस सगळा वेळ सारख्याच ताकदीने वल्हवतो आणि तासाभरात संपतो. मुरलेला माणूस अर्धा वेळ बघत असतो. दंड थकतात, नजर पिकत जाते. चालुपस्कीचं ४९ वं वर्ष असं समजतं.

होडीतल्या बाकीच्या करामती या एका कामासाठीच. सुकाणू टोकाच्या मागे लटकत नाही, पोटाखाली थोडं पुढे बसवलेलं असतं; नाहीतर लाटेच्या माथ्यावर होडीचं शेपूट हवेत गेलं की सुकाणूही हवेत जाईल आणि होडी आडवी होईल. वल्ह्याचं पातं सपाट नसतं, चमच्यासारखं वळलेलं असतं आणि त्याच्या एका कडेला विमानाच्या पंखासारखी जाड धार असते. स्वीडनमधल्या मंडळींनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर हे पातं आणलं. ते सरळ मागे ओढायचं नसतं, पाण्यात बाहेरच्या अंगाला सरकू द्यायचं असतं, म्हणजे पाणी कमी निसटतं. सपाट पाण्यावरच्या ऑलिंपिक शर्यतींतही हेच पातं वापरतात.

आता जालन्यात बसून हे सगळं का सांगायचं? जिल्ह्यात समुद्र नाही, आणि उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजणाऱ्या गावांना खवळलेल्या पाण्याचं काय कौतुक? पण लाटेला समुद्रच लागतो असं नाही. तिला वारा लागतो, वारा टिकावा लागतो आणि त्याला अडथळ्याविना धावायला पाणी लागतं. जालना शहराच्या नळाला ज्या जायकवाडीतून पाणी येतं, त्या नाथसागराची लांबी सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि ती बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरली आहे. जून-जुलैत मराठवाड्यावरून घोंघावणारा वाराही पश्चिमेचाच. ताशी तीसच्या आसपासचा वारा वीसेक किलोमीटर पाण्यावरून बिनअडथळा वाहिला, तर हिशेबाने अर्ध्या मीटरहून थोडी उंच आणि तीन-साडेतीन सेकंदांची लाट उठते. सर्फस्कीला हवी तशी, नेमकी. पेच असा की हा वारा येतो तेव्हा धरण बहुधा तळाशी असतं, आणि सप्टेंबरात ते भरतं तेव्हा वारा पडलेला असतो. त्यात नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोहित आणि बदकं ज्या पाण्यावर उतरतात तिथे शर्यतींचे भोंगे वाजवू नयेत हेच बरं.

नाथसागराच्या फुगवट्यात थर्माकोलच्या ठोकळ्यांवर बसून जाळी लावणारे मासेमार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सर्फस्कीची कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. बंद तरंगता ठोकळा, वर माणूस, भिजणं गृहीत. याच फुगवट्यातल्या भिवधानोरा गावची पोरं अशाच थर्माकोलवर बसून शाळेला जात असल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. तिथे गंमत संपते. त्या पोरांच्या अंगावर जॅकेट नव्हतं आणि पायाला दोरी नव्हती.

महाराष्ट्रात सर्फस्कीचं खरं घर कोकणात असायला हवं होतं, आणि ते अजून तसं झालेलं नाही याचं मला नवल वाटतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळ रॉटनेस्ट बेटाहून किनाऱ्यापर्यंत २७ किलोमीटरची ‘द डॉक्टर’ नावाची शर्यत भरते. दुपारी समुद्राकडून येणाऱ्या गार वाऱ्याला तिथले लोक डॉक्टर म्हणतात, त्यावरून शर्यतीचं नाव. आता कोकणाकडे बघा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा, आणि दुपार कलली की वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. किनारा उत्तर-दक्षिण, किंचित तिरका. म्हणजे उत्तरेहून दक्षिणेला निघालेल्याच्या पाठीशी दुपारभर वारा. हर्णैहून दाभोळ समुद्रमार्गे साधारण २५ किलोमीटर, पर्थच्या शर्यतीएवढंच. अडचणी आहेत. खाड्यांच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, ओहोटीला तर जास्तच. कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांशी भिडल्या की पाण्याला कुठलाच उतार उरत नाही, नुसती उकळी. सकाळचा मतलई वारा रिकामी होडी थेट अरबस्तानाच्या दिशेने नेतो. पण या गोष्टी कोळ्याला तोंडपाठ असतात. मालवणकडची उलांडीची होडी बघा: एका बाजूला लाकडाचा तरंगता ओंडका बांधून अरुंद होडीला तोल द्यायचा, हीच युक्ती पॅसिफिकमधल्या बेटांवरही आहे. मोलोकाईच्या ज्या समुद्रात आज सर्फस्की धावतात, तिथे त्यांच्या आधी १९५२ पासून उलांडीवाल्या होड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत.

या किनाऱ्यावर वल्ह्याच्या जोरावर लांबचा पल्ला गाठलेलं ठळक नाव म्हणजे मुंबईचा कौस्तुभ खाडे. २०१५ मध्ये त्याने एकट्याने मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० किलोमीटर अंतर कयाकने कापलं. मग २०१६-१७ च्या हिवाळ्यात द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे ३,००० किलोमीटर. शांजली शाही त्या वेळी किनाऱ्याने सायकलवरून सोबत करत होती. त्याची होडी सर्फस्की नव्हे, सामान पोटात घेणारी समुद्री कयाक. हेतूही वेगाचा नव्हता. पण दोन्ही वेळा दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच होती.

देशात कयाकिंगला जो थोडाफार सरकारी आधार आहे तो सपाट पाण्याला. आशियाई खेळांत १९९४ ला हिरोशिमात आणि मग थेट हांगझाऊत अशी दोन कांस्यपदकं, दोन्ही जोडीच्या कनूमध्ये, दोन्ही १,००० मीटरला. वल्हवण्याच्या दुसऱ्या खेळात, रोइंगमध्ये, मात्र आपल्याकडचं एक नाव घ्यायलाच हवं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामं, २०१२ मध्ये सैन्यात भरती, तिथे वल्हं हातात आलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा क्रमांक. दोन वर्षांनी जकार्तात चौघांच्या होडीत आशियाई सुवर्ण. पाण्याच्या खेळाला पाण्याच्या गावातलाच माणूस लागतो, हा समज त्याने निकालात काढला. अंगात दम आणि रोज उठून तेच काम करण्याची सवय लागते. आमच्या अंबड-घनसावंगीच्या पोरांकडे त्याची वानवा नाही.

त्यांच्याकडे पाणीही आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी जाते, जिला इथे सगळे गंगाच म्हणतात. तिच्यावर जायकवाडीच्या खाली उच्च पातळी बंधाऱ्यांची रांग झाली आहे: जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. प्रत्येकामागे कित्येक किलोमीटर लांब, संथ, जवळजवळ सरळ पाण्याचा पट्टा. तोल शिकायला आणि वल्ह्याची ओढ बसवायला याहून चांगली जागा शोधूनही मिळायची नाही. शिकणाऱ्याने ४३ सेंटिमीटरच्या होडीच्या नादी लागू नये. साडेपाच मीटर लांब आणि ५६ सेंटिमीटर रुंद होड्या याच कामासाठी मिळतात. धोके इथलेच आणि ओळखीचे: वाळू उपशाने पाडलेले खोल खड्डे, काठच्या कृषीपंपांचे पाइप आणि पाण्यात लोंबणाऱ्या वायरी, मध्येच पसरलेली जलपर्णी. पावसाळ्यात वरून विसर्ग सुटला की नदीत उतरायचं नाव काढायचं नाही. २००६ चा पूर काठच्या गावांना अजून आठवतो. ऑक्टोबरात पाणी निवळतं आणि पुढचे चार-पाच महिने बंधारे भरलेले असतात. मार्च उजाडला की पंप रात्रंदिवस चालू होतात आणि पातळी उतरू लागते. त्याच सुमारास तिकडे कोकणात दुपारचा वायव्येचा वारा जोमात आलेला असतो, आणि हर्णै जालन्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.