बारा वाजता सूर्य खरंच डोक्यावर येतो का? अंगणातल्या काठीला विचारा

दुपारचे बारा वाजले की सूर्य माथ्यावर आला, असं आपण सगळेच म्हणतो. पण अहिल्यानगर, बीड भागात सावली सगळ्यात आखूड होते ती साधारण साडेबाराच्या आसपास. ऋतूप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं.

हे पोरांना सांगू नका, करायला लावा. सपाट अंगणात हातभर काठी सरळ रोवायची आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. पहिल्या दिवशी पोरं भांडतातच, कारण दुपारी सावली इतकी हळू बदलते की आखूड कोणती हेच ठरत नाही. भांडू द्या. मग युक्ती दाखवा. साडेदहाला सावलीच्या टोकावर खूण करायची, काठीच्या बुडाला सुतळी बांधून त्या खुणेतून गोल ओढायचा. दुपारनंतर टोक पुन्हा त्या गोलाला शिवेल ती वेळ मोबाईलात बघून लिहायची. दोन्ही वेळांचा मध्य काढला की सूर्य माथ्यावर कधी आला ते निघतं. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषाही फुकटात मिळते.

आता पोरगं विचारणार, "मग घड्याळ चुकतंय का?"

खरी शाळा इथं सुरू होते आणि बहुतेक घरांत इथंच बंद पडते. "डोकं खाऊ नको, अभ्यास कर" असं चार-पाच वेळा ऐकलं की पोरगं विचारणंच सोडतं. पाठांतरावर मार्क पडतात, पण पुढं ठिबकच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही, हे स्वतः शोधायची सवय लागत नाही.

घड्याळ बरोबरच असतं. देशाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपण त्या रेषेच्या सात-आठ अंश पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे सुमारे अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. पण हे लगेच सांगून टाकलं तर मजा गेली. नागपूरला पाहुणे असतील तर त्यांच्या पोरांना त्याच दिवशी काठी लावायला सांगा. त्यांची वेळ आधीची निघेल. का, ते पोरांनाच नकाशा उघडून शोधू द्या. मोबाईल उत्तर दोन सेकंदांत देतो, तेवढ्यात ते विसरूनही होतं.

खेड्यातल्या सरकारी शाळेत असलं जमत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचं उदाहरण आहे. १९७२ साली तिथल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, १९७८ पासून ते जिल्हाभर नेलं गेलं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, प्रयोगही करून दाखवावा लागे. मनात आलेला कुठलाही प्रश्न 'सवालीराम'ला पत्रानं विचारता येई आणि पोरांना उत्तर जाई. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथं गेले, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून भूमिती शिकवणारी खेळणी त्यांनी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला.

काठीला सरकारची परवानगी लागत नाही. फक्त पोरांना सूर्याकडे थेट बघू देऊ नका, आणि उन्हात टोपी-पाणी द्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या भागात एक दिवस असा येतो की भर दुपारी सरळ काठीची सावली काही क्षण दिसतच नाही. तेव्हा शाळेला सुट्टी असते, त्यामुळे काठी घरीच रोवून ठेवावी लागेल. असाच दुसरा दिवस जुलैअखेरीस येतो, पण तेव्हा ढग बहुधा बघू देत नाहीत.