मोठं इंजिन की जास्त उंची?

मुंबईत कांदिवलीला एका इमारतीच्या गच्चीवर चक्क विमान तयार झालं, ठाऊक आहे का? वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी ते बांधलं. हे सहा आसनी विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. २०१८ मध्ये तर राज्य सरकारने विमानांच्या कारखान्यासाठी आपल्या पालघर जिल्ह्यात जागा देण्याचा सामंजस्य करार त्यांच्या कंपनीशी केला. उद्या बोईसरच्या एखाद्या मुलीने विमान बांधायला घेतलं, तर तिला प्रश्न पडेलच : हे जास्तीत जास्त किती जोरात जाईल?

तुम्ही म्हणाल, “मोठं इंजिन बसवलं की झालं!” पण तसं नाही बरं का. पालघरहून केळव्याकडे सायकलने जाऊन पाहा. समोरून समुद्राचा वारा असला की जितकं जोरात पायडल मारावं, तितकी हवा अधिकच मागे रेटते. विमानाचंही तेच. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद २ × २ × २, म्हणजे साधारण आठपट लागते! ताकद नुसती दुप्पट केली, तर वेग वाढून होतो जेमतेम सव्वापट.

मग दुसरा उपाय, उंच जाण्याचा. वर हवा विरळ असते. ३,००० मीटरवर ती समुद्रकाठच्या हवेच्या पाऊणपटच दाट असते. विरोध कमी, म्हणून तेवढ्याच ताकदीत वेग जास्त.

पण खरी मेख पुढेच आहे. इंधन जाळायला इंजिनालाही हवा लागतेच ना! विरळ हवेत साध्या पिस्टन इंजिनाला धाप लागते. लांबच्या प्रवासात ते फार झिजू नये म्हणून बहुधा ७५ टक्के ताकदीवर चालवतात. वर जाताना वैमानिक हवेची झडप अधिकाधिक उघडून ही ताकद टिकवतो. सुमारे २,४०० मीटरवर झडप पुरती उघडते. लांबच्या प्रवासात विमान तिथेच सर्वांत वेगात जातं. त्याहून वर ताकद घटते आणि वेगही उतरतो.

इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर बसवला, तर ही मर्यादा आणखी वर सरकते. जेट विमानं तर १०-११ किलोमीटर उंचीवरून ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात.

तेव्हा कुणी एखाद्या विमानाचा वेग सांगितला, की लगेच विचारा, “किती उंचीवर?”