आनुवंशिक अपस्मार : वंशावळीपासून जनुकापर्यंत

मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्-क्रियेत अकस्मात बिघाड होऊन वारंवार झटके येण्याच्या विकारास अपस्मार म्हणतात. लोकव्यवहारात तो फेफरे किंवा मिरगी या नावाने परिचित आहे. डोक्याला झालेली इजा, पक्षाघात, मेंदूतील संसर्ग अशी त्याची अनेक कारणे असली, तरी सोयरीक जुळविताना विचारला जातो तो 'घराण्यात आहे का?' हाच प्रश्न. हिंदू विवाह कायद्यानुसार अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे विवाह रद्द करण्याचे कारण ठरू शकत असे. १९९९ च्या दुरुस्तीने ती तरतूद वगळण्यात आली. 'आनुवंशिक' या शब्दाभोवतीचा संशय मात्र कायद्याने दूर होणारा नव्हे. त्यासाठी हे कारण शोधले कसे जाते, हे पाहणे आवश्यक ठरते.

या शोधाचे मूळ साधन म्हणजे वंशावळ. ऑस्ट्रेलियातील एका कुटुंबात सहा पिढ्यांत मिळून २७ व्यक्तींना झोपेत अल्पकाळाचे पण जोरकस झटके येत असत. इंग्रिड शेफर, सॅम्युएल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, अशा रुग्णांचे निदान दुःस्वप्ने वा निद्राविकार असे चुकीचे होत आले होते. एकेकट्या रुग्णाकडे पाहून जे उमगले नाही, ते नातेवाइकांच्या हकिकती एकत्र मांडल्यावर स्पष्ट झाले.

पुढील टप्पा सहलग्नता-विश्लेषणाचा. कुटुंबातील रुग्णांमध्ये गुणसूत्राचा जो तुकडा समान आढळतो, त्यातच सदोष जनुक असण्याची शक्यता अधिक. या कुटुंबात तो तुकडा विसाव्या गुणसूत्रावर सापडला. १९९५ मध्ये ऑर्ट्रुड स्टाइनलाइन यांच्या गटाने तेथील सीएचआरएनए४ या जनुकातील उत्परिवर्तन ओळखले. हे जनुक चेतापेशीच्या आवरणातील निकोटिनिक ॲसिटिलकोलिन ग्राहीचा एक घटक घडविते. या प्रथिनात २४८ व्या स्थानी सेरीनऐवजी फेनिलॲलनीन आले होते. केवळ एका अमिनो आम्लाचा हा फरक! तपासलेल्या सर्व २१ रुग्णांत तो आढळला. ३३३ निरोगी व्यक्तींपैकी एकातही नाही.

याच अभ्यासातील एक बाब अधिक विचारणीय वाटते. वंशावळीवरून ज्यांच्याकडे हे उत्परिवर्तन असलेच पाहिजे असे ठरत होते, अशा चार व्यक्तींतही ते होते. परंतु त्या रुग्ण नव्हत्या. म्हणजे प्रभावी पद्धतीने संक्रमित होणारे उत्परिवर्तन वारशाने मिळाले, तरी रोग होईलच असे नाही. सोयरिकीच्या वेळी दिले जाणारे ठाम निर्णय येथे शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत.

याउलट प्रकारही आहे. ड्रॅव्हे सिंड्रोम या बालवयातील तीव्र अपस्मारात झटके पहिल्या वर्षातच, बहुधा तापासोबत सुरू होतात. २००१ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी अशा सात मुलांत एससीएन१ए या सोडियम वाहिनीच्या जनुकात उत्परिवर्तने दाखविली. ती आईवडिलांत नव्हती. मुलांत नव्यानेच उद्भवली होती. अशा मुलाच्या आजाराचे खापर आईच्या माहेरावर फोडणे हे जितके क्रूर, तितकेच निराधार. 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द समानार्थी मानण्याची सवय म्हणूनच सोडावयास हवी.

या निदानाचा उपचारांशीही थेट संबंध आहे. एससीएन१एमधील दोषाने प्रामुख्याने आवर घालणाऱ्या चेतापेशी दुबळ्या होतात. त्यामुळे सोडियम वाहिन्या रोखणारी कार्बामाझेपीन, लॅमोट्रिजीन यांसारखी औषधे या मुलांचे झटके वाढवू शकतात. ऑस्ट्रेलियातील उपरोक्त कुटुंबाच्या प्रकारात मात्र कार्बामाझेपीन बहुधा गुणकारी ठरते.

क्वचित आई किंवा वडील यांच्या काही थोड्याच पेशींत ड्रॅव्हेचे उत्परिवर्तन असते आणि ते स्वतः निरोगी राहतात. म्हणून पुढील अपत्याविषयी समुपदेशन करताना त्यांचीही तपासणी केली जाते, आणि त्यांच्या रक्तात दोष आढळला नाही तरी धोका शून्य आहे असे सांगितले जात नाही.